ताडपत्रीचं शीड

साऱ्या परभणी जिल्ह्यात वाऱ्याशी उभा दावा मांडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींनी जन्मभर मानवतहून कापसाचा टेम्पो चालवला. सुटा कापूस आणि वारा एका जागी नांदत नाहीत; ताडपत्रीच्या एका कोपऱ्यातून वारा शिरला की निम्मा माल रस्त्यावरच्या बाभळींना लटकतो. म्हणून मानवत ते परभणी एवढ्याशा वाटेत दाजी तीनदा उतरून दोर आवळायचे. पेडगावजवळ तर टेम्पो आपला आपणच थांबतो, असं लोक म्हणत. "वारा चोरासारखा न्हाई, पावण्यासारखा असतो," दाजी सांगायचे. "एकदा आत घेतला की निघायचं नाव घेत न्हाई."

टेम्पो सुटला, पण खोड सुटली नाही. अजूनही ते पेपर वाचताना अर्धा पेपर मांडीखाली दाबून ठेवतात. वाळत घातलेल्या एका बनियनला चार चिमटे लावतात. पंखा एकाच्या पुढे गेला की बसल्या जागेवरून उठून टोपी काढून खिशात ठेवतात आणि वर संशयाने बघत राहतात. माझ्या लग्नात अक्षता वाटून झाल्या, वाजंत्री तयार, अंतरपाट धरलेला, आणि नवरीचे थोरले दाजी कुठे दिसेनात. ते मांडवाच्या मागच्या बाजूला, नव्या धोतरात शिडीवर चढून कनातीचे दोर आवळत होते. लग्न वेळेवर लागलं. पण दुसऱ्या दिवशी मांडववाल्याला एकही गाठ सुटेना. शेवटी त्याने विळा मागवला.

अशा माणसाने शिडाची होडी बांधावी, याला काय म्हणावं? कारण अक्का. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "उभ्या जन्मात मला फिरवलं ते टेम्पोच्या केबिनमध्ये, काचा वर करून. मोकळ्या हवेत कधी नेलं व्हय तुमी?" दाजी पानावरून उठले, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात ठोकाठोक सुरू झाली. मोबाइलवर व्हिडिओ बघून, जुन्या टेम्पोच्या हौद्याच्या फळ्या जोडून, वर्षभरात त्यांनी होडी उभी केली. डोलकाठीला कळकाचा वासा, शिडाला तीच कापसाची ताडपत्री. पुढे लिंबू-मिरची, मागे 'हॉर्न ओके प्लीज'. हॉर्नही होता, बॅटरीवरचा. "धरणात म्हशी आडव्या येतेत," दाजींनी मला समजावलं.

पण अक्का होडीत बसायला तयार होईना. येलदरी धरणाच्या पाण्यावर होडी दोनदा नेली आणि दोन्ही वेळा मासे धरणाऱ्यांनी ती ओढून काठाला लावली. तिसऱ्या खेपेला अक्काने शेवटचं सांगितलं. समोरच्या टेकाडापर्यंत होडी जाऊन ओढल्याबिगर परत आली, तर ती बसेल. "न्हाई आली, तर फळ्या उतरवा आन् गोठ्याला दार करा." त्या दिवशी मी सोबतीला, म्हणजे वजनाला. पोहता येत नाही म्हटल्यावर दाजींनी माझ्या कमरेला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधले, आणि ती गाठ त्यांचीच असल्यामुळे मी बिनघोर झालो.

काठापासून वीस-पंचवीस हात आत गेलो आणि होडी जी थांबली ती थांबलीच. वारा पडला होता. दाजींनी शीड उघडलं, डोळे बारीक करून वाट पाहिली. पाण्यावर बारीक लहर उठली, वारा आला, ताडपत्री जराशी फुगली, आणि दाजींनी झडप घालून ती खाली ओढली, वाशाला गुंडाळली, वर दोन गाठी मारल्या. वारा गेला. त्यांनी गाठी सोडल्या, शीड उघडलं. पुन्हा वारा आला, पुन्हा झडप. तिसऱ्यांदा हे झाल्यावर मी भीत भीत म्हणालो, "दाजी, वारा आला की तुम्ही शीड का आवळता?"

"मी कुठं आवळायलोय?" दाजी म्हणाले आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. हातांत दोर होता आणि गाठ अर्धी झाली होती. तोंड उतरलं त्यांचं. "हात ऐकत न्हाईत हो," ते हळूच म्हणाले. मला हसू येत होतं ते कुठल्या कुठे पळालं. वर्षभराची मेहनत गोठ्याला लागणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

तेवढ्यात काठावरून अक्काचा आवाज आला. इतका वेळ ती डबा मांडीवर घेऊन सगळं बघत होती.

"आवं, त्याच्याखाली माल न्हाई आता! सोडा की!"

दाजींनी अर्धी गाठ सोडली, शीड पुन्हा उघडलं. मग वारा आला. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबले, डोळे मिटले, आणि ताडपत्री पोटभर फुगली. होडीने असा हिसका दिला की मी कॅनांसकट आडवा झालो. वारा बाजूचा होता, म्हणून जातानाही तोच पुरला आणि येतानाही. जरा तिरके तिरके, पण टेकाडाला टेकल्यावर मी पायाने रेटा देऊन होडी वळवली, आणि आम्ही जाऊन आलो. परतताना दाजींनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि समोर एकही म्हैस नसताना हॉर्न वाजवला.

अक्का काठावर उभी होती. तिने पदर खोचला, एका हाताने दाजींचा खांदा धरला आणि होडीत उतरली. मी बाहेर आलो, कारण आता वजनाची गरज नव्हती.

"कुठं जायचंय?" तिने विचारलं.

"कुठंच न्हाई," दाजी म्हणाले. "नुसतं बस."

होडी लांब जात गेली. दोघं काही बोलत होती, ऐकू येत नव्हतं. मधेच अक्काचं हसू पाण्यावरून आलं, तेवढंच. ऊन चढलं होतं, भूक लागली होती, डबा माझ्याजवळच होता आणि कमरेची गाठ मला सुटत नव्हती. तरी खरं सांगतो, ती दोघं इतक्यात परत येऊ नयेत, असंच मला वाटत होतं.