वाघबारशीचा बोकड

आमची जाऊ तानीबाय पंचायतीत मेंबर झाली तेव्हा मी लई खूश झाले होते. म्हटलं, आता सत्ता घरात आली. कसलं काय. पाड्यावर दिवे लागले, तर आमच्या दारातला सगळ्यात शेवटी. "आधी त्यांच्याकडं लावा, आमची घाई न्हाय," असं तानीबायच खांबावरच्या माणसाला सांगत होती. मी दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला जाते. शिफ्ट सुटली की अंधारात ठेचकाळत घर गाठायचं आणि मेंबरबाईंच्या नावानं खडे फोडायचे. ती चुलीपुढं बसून हसायची.

आमचा पाडा दिघाशीच्या पुढं, डोंगराला लागून. माझे मोठे दीर, नावानं मात्र धाकल्यादादा, त्यांची ही बायको. शेतीच्या दिवसांत शेती, एरवी मजुरी. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच चीज, शेळी. आई मेलेलं करडू तिनं बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. आता ती गाभण होती. दादांशी बोलायची नाही एवढं बाय त्या शेळीशी बोलायची.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर भानगड झाली. पाड्याचा सिमेंटचा रस्ता हितेशशेठ ठेकेदारानं केला होता. रस्ता असा मजबूत की कोंबडीनं उकरला तरी खडी वर. काम चांगलं झालं असा ठराव पंचायतीच्या सभेत झाला की त्याचं बिल निघणार. बायनं आधीच सांगून टाकलं होतं, "मी हात वर करणार न्हाय."

सभेच्या आदल्या दिवशी वाघबारस आली. त्या दिवशी आमचा सगळा पाडा वाघदेवाच्या दगडापाशी जमतो. कुणी तांदूळ आणतं, कुणी कोंबडा. सगळं एकत्र शिजतं आणि प्रत्येक घराला सारखा वाटा. देवाच्या नावानं आलेलं जनावर कुणी दिलं, का दिलं, हे कुणी विचारत बसत नाही.

बाय भात कापायला गेली होती. तेवढ्यात टेम्पोतून एक माणूस उतरला, दारात काळा बोकड बांधला आणि दादांना म्हणाला, "मेंबरताईंना सांगा, हितेशशेठनी वाघबारशीची भेट पाठवलीय." आमचे दादा म्हणजे भोळा सांब. त्यांना वाटलं, शेठला देव आठवला. बोकड सरळ वाघदेवाकडं. पाड्यावर आनंदीआनंद, एवढा मोठा बोकड कुणी पाहिला होता?

बाय उन्हं कलताना आली, हातपाय धुऊन पंगतीत बसली. रस्सा भुरकला, बोटं चाटली, म्हणाली, "झकास झालाय. बोकड कुणाचा?"

"हितेशशेठचा," दादा कौतुकानं म्हणाले.

बायचा हात पानावरच राहिला. तेवढ्यात फोन आला. शेठच होता. "काय ताई, गोड लागला ना? उद्या ध्यान ठेवा मग."

घरी आल्यावर ती शेळीपाशी जाऊन बसली. मी ओळखलं आणि माझं डोकंच फिरलं. "सगळ्या पाड्यानं खाल्ला, मग तू एकटीनं का भरायचं?"

"पाड्यानं देवाचा खाल्ला, मनिषा. दारात आला तो माझ्या नावानं."

"पुढच्या साली देऊ की एखादा बोकड," दादा पडेल आवाजात म्हणाले.

"सभा उद्या हाय. त्याचं पोटात ठेवून त्याच्यासमोर बसू कशी?"

मी पाय आपटत निघून आले. सकाळी रजा टाकली आणि तणतणत का होईना, तिच्यासोबत निघाले. पुढं बाय, तिच्या हातात दावं, मागं शेळी, आणि तिच्या मागं अख्खा पाडा. बोकड खाल्लेला एकही माणूस घरी थांबला नाही.

हितेशशेठ पंचायतीच्या व्हरांड्यात चहा पीत होता. बायनं दावं त्याच्यापुढं धरलं. "तुमचा बोकड चुकून देवाला गेला. त्याच्या बदल्यात ही घ्या. गाभण हाय, उन्हात बांधू नका."

"अरे ताई, ये क्या मजाक है," तो हसायला गेला. कुणीच हसलं नाही. शेवटी त्यानं दावं धरलं.

सभा सुरू झाली. ग्रामसेवक सुधीरसाहेबांनी ठराव वाचला आणि विचारलं, "कोण कोण बाजूनं?" सगळे खाली बघायला लागले. बाहेर शेळी बायसाठी ओरडत होती. म्हातारा हिरामण मेंबर उठला, डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, माझ्याकडं शेठचा मिक्सर आलाय. सून आजच चटणी वाटणार होती. तिला थांबवतो." पलीकडचा म्हणाला, "माझ्याकडं पण." मग असा हशा उठला की सुधीरसाहेबांनीसुद्धा तोंडावर कागद धरला. ठरावाच्या बाजूनं एकही हात वर गेला नाही. रस्ता उखडून नव्यानं करायचा ठरला.

परत येताना पोरं नाचत पुढं पळाली. दादा तर विचारूच नका, जसं काही सगळं त्यांनीच केलं. मी वळून बघते तर बाय मागं राहिलेली, पदर तोंडात कोंबून रडतेय.

"अगं जिंकलीस ना? मेंबर हायस तू, रडते काय?"

"मेंबर रडत न्हाय," ती हुंदका देत म्हणाली, "ती शेळीवाली रडतेय. तिला रडू दे जरा."

माझ्यासारखी भांडखोर बाई, पण त्या दिवशी भांडण गुंडाळून ठेवलं. तिच्या गळ्यात पडले आणि भर रस्त्यात तिच्यासोबत मोठ्यानं रडले. इतकी खूश मी ती निवडून आली तेव्हासुद्धा नव्हते.