क्ष-किरणांत दिसलेली सावली

डॉक्टरांनी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यहाँ छाया है, बहूजी. ट्यूबरक्युलॉसिस." म्हणजे क्षय.

यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला पहिली आठवली कुमी. माझी मुलगी, नुकती रांगायला लागलेली, अजून अंगावर पिणारी. मी विचारलं, "आणि माझ्या पोरीचं काय?"

डॉक्टर बंगाली होते, मृदू बोलायचे, पण बोलले ते सुरीसारखंच लागलं. "बच्ची को आज से अलग रखिए. दूध भी नहीं." मला डोंगरावरच्या सॅनिटोरियममध्ये पाठवायचं ठरलं. सॅनिटोरियम म्हणजे क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवण्याची जागा. तेव्हा क्षयावर औषध नव्हतंच. हवा, दूध, अंडी आणि विश्रांती. कितीतरी जण तिथून परत आलेच नाहीत, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा दिवस उगवला असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहून राहिले आहे.

सुरुवात साध्या खोकल्यानं झाली. मग संध्याकाळी अंग तापायचं, थंडी वाजायची, सकाळी घामानं लुगडं भिजायचं. वैद्यांचे काढे झाले. वजन उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. शेवटी हे म्हणाले, इस्पितळात एक्स-रे काढून घेऊ. जबलपूर तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि आमच्या दीक्षितपुऱ्यात ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

एक्स-रेला मराठीत क्ष-किरण म्हणतात, हे यांनी घरी सांगितलं मात्र, सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! नावातच क्षय आहे त्याच्या. काहून जाऊन राहिलीस तिथे? तो फोटो काढतात तेच मुळी क्षयवाल्यांचा!"

मला हसू आवरेना. लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. म्हटलं, "आई, हा क्ष बीजगणितातला. जे माहीत नाही त्याला आम्ही क्ष म्हणतो. ज्यांनी हे किरण शोधले, त्यांना ते कसले हे कळेना, म्हणून त्यांनी तसं नाव दिलं."

"मग ज्याचं त्यांनाच माहीत नाही, ते तुझ्या अंगातून काहून सोडून राहिले?" सासूबाई म्हणाल्या.

तरी त्या माझ्याबरोबर आल्या. सून पहिल्यांदा इस्पितळात चालली, म्हणून सकाळी मला डोक्यावरून न्हायला लावलं होतं. तिथे सांगण्यात आलं की अंगावर धातू नको. मंगळसूत्रावरून थोडं रण झालं. गळ्यातून काढायचं नाही म्हणजे नाही! शेवटी ते मी मनगटाला बांधलं. मग खोप्यातले सोन्याचे आकडे निघाले आणि ओला खोपा पाठीवर सुटला. मोकळ्या केसांनी परपुरुषापुढे उभं राहायचं नाही, म्हणून सासूबाईंनी तिथल्या तिथे काळ्या दोऱ्यांचा गोफ घालून घट्ट वेणी घातली आणि डाव्या बाजूनं इस्पितळानं दिलेल्या झग्याच्या आत खोचून दिली. वेणीला धातू थोडाच असतो! मी फिल्मच्या चौकटीला छाती लावून उभी राहिले, श्वास रोखला, मागे काहीतरी गुणगुणलं, आणि झालं.

त्याचा निकाल तो असा लागला.

घरी माझी खोली वेगळी झाली. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. कुमी भिंतीपलीकडे रडायची, आणि इकडे माझी चोळी दुधानं भिजायची. सासूबाई तिला बोंडल्यानं गाईचं दूध पाजायच्या. ती तोंड फिरवायची, ते मला तिच्या ओरडण्यावरूनच कळायचं. क्षयानं मरायचं भय मला वाटलं नाही असं नाही. पण पोर मला विसरेल, याचं भय फार मोठं होतं.

असे काही आठवडे गेले, आणि मग मला राग आला. खरोखरचा राग! मी यांना म्हटलं, "ज्या यंत्रानं माझी पोर माझ्यापासून तोडली, ते कसं चालतं हे मला कळलंच पाहिजे. त्याशिवाय मी डोंगरावर जाणार नाही." हे म्हणाले, "चलो, डॉक्टरांना विचारू." दुसरा कोणी असता तर गप्प बस म्हणाला असता. माझ्या नवऱ्याचा मला तेव्हाही अभिमान वाटला.

डॉक्टर चकित झाले, पण खूशही झाले. म्हणाले, असं कोणी विचारतच नाही. त्यांनी मला यंत्राच्या खोलीत नेलं आणि एक निकामी नळी हातात दिली. भोपळ्यासारखी फुगीर काच, दोन्ही टोकांना धातू. आतली हवा अगदी काढून टाकलेली असते. एका टोकाला बारीक तार, विजेच्या दिव्यात असते तशी. वीज सोडली की ती तापते, आणि तापलेल्या तारेतून विजेचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. मग दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा दाब दिला की ते कण समोरच्या टोकाकडे भयंकर वेगानं धावतात. हवा काढलेली कशासाठी? वाटेत त्यांना कोणी अडवू नये म्हणून.

समोर टंगस्टनचा तुकडा असतो. टंगस्टन म्हणजे सहजासहजी न वितळणारा धातू. कण त्याच्यावर आदळतात. त्यांचा बहुतेक जोर उष्णतेतच जातो, म्हणून तर न वितळणारा धातू लागतो. उरलेल्या थोड्याशा जोरातून निघतात हे किरण. प्रकाशाचेच भाऊबंद, पण डोळ्यांना न दिसणारे आणि मांसातून आरपार जाणारे. हवेनं भरलेल्या फुप्फुसातून ते सहज जातात, तिथे फिल्म काळी होते. हाड त्यांना बरंच अडवतं, तिथे ती पांढरी राहते. त्या अडलेल्या पांढऱ्या जागेलाच डॉक्टर छाया म्हणतात.

"म्हणजे हा फोटो नाहीच," मी म्हटलं, "ही नुसती सावली आहे."

"बिलकुल सही. सिर्फ छाया."

"मग सावली कशाची पडते, पुढच्या वस्तूची की मागच्या?"

"आगे हो, पीछे हो, बीच में जो भी आए. सब एक ही फिल्म पर."

बीच में जो भी आए! माझा हात आपोआप पाठीवर गेला. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ओल्या केसांची घट्ट वेणी मध्ये आली तर?"

त्यांनी माझी फिल्म मागवली आणि पुन्हा उजेडात धरली. बराच वेळ पाहिली. मग त्यांचं बोट त्या सावलीवरून वर सरकत गेलं, फुप्फुसाची कड ओलांडून थेट मानेपर्यंत. "देखिए," ते हळूच म्हणाले, "यह छाया तो फेफड़े के बाहर निकल गई है. रोग ऐसे बाहर नहीं निकलता. और ये तिरछी धारियाँ…"

ते वेणीचे पेड होते.

डॉक्टरांनी आपली चूक तिथल्या तिथे, यांच्यासमोर कबूल केली, हे मी त्यांच्या मोठेपणात धरते. लगेच दुसरी फिल्म काढली, केस डोक्यावर उंच बांधून. ती ओलीच बाहेर आणून त्यांनी धरली. डावीकडे फुप्फुस वरपर्यंत स्वच्छ काळं. थुंकीतही क्षयाचे जंतू निघाले नाहीत. रक्त तपासलं तेव्हा ताप हिवतापाचा निघाला, आणि खोकला छातीत रेंगाळलेल्या सर्दीचा. कडू क्विनाइन पोटात गेलं आणि काही आठवड्यांत मी उभी राहिले.

मला गर्व झाला का? झालाच! काहून होऊ नये? त्या दिवशी इस्पितळातून परतताना माझे अबोल यजमान टांगेवाल्याला सांगत सुटले, "भैया, हमारी श्रीमतीजी ने आज एक्स-रे पढ़ा है!" टांगेवाल्याला काय कळलं देव जाणे, पण तो म्हणाला, "वाह भैयाजी!" आणि घोड्याला टाच मारल्यासारखा टांगा पळवला. मी पदराआड हसले, रडले, दोन्ही.

तुम्हाला एवढंच सांगते. डॉक्टरांवर विश्वास ठेवा, मी आजही ठेवते. त्या यंत्राचे तर माझ्यावर उपकारच आहेत, त्यानंच शेवटी माझी छाती स्वच्छ असल्याचं दाखवलं. पण तुमच्या अंगात काय चाललंय, ते कशावरून ठरवलं, हे विचारायला लाजू नका. बायकांनी तर मुळीच लाजू नये.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा दुपार होती. सासूबाईंनी कुमीला माझ्यापुढे धरलं. ती माझ्याकडे परक्या बाईकडे पाहावं तशी पाहत राहिली, आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. माझा सगळा गर्व तिथे गळून पडला. सासूबाई म्हणाल्या, "घे तिला. रडू दे. तूच आई आहेस तिची, काही झालेलं नाही तुला." मी घेतली. तिनं हातपाय झाडले, ओरबाडलं, आणि मग अचानक वास ओळखल्यासारखी थांबली. चोळी चाचपू लागली. दूध अगदीच थोडं उरलं होतं, पण होतं. ती पिता पिता झोपली, आणि माझाही डोळा लागला.

तेवढ्यात बातमी ऐकून आळीतल्या बायका गोळा झाल्या. मला अर्धवट झोपेत सासूबाईंचा दारातला आवाज ऐकू येत होता. "या नंतर. माझ्या सुनेनं काय केलं ते सगळं सांगते. पण आता हळू बोला, मायलेकी झोपल्यात."