बॉम्ब शेल्टरमधला आरसा

"हलू नकोस! आहेस तिथंच थांब! श्वाससुद्धा घेऊ नकोस!"

मी ओरडत होतो, आणि असा ओरडत होतो की खालून जाणारी एलआरटीची छोटी रेल्वे दचकून स्टेशनाच्या अलीकडेच थांबली असणार. बायको स्टुलावर उभी होती. हात वर, आणि हातात पुण्याहून आणलेली पांढऱ्या रांगोळीची पिशवी. पिशवीचा तळ फाटला होता आणि रांगोळीची बारीक धार सरळ माझ्या आरशावर पडत होती.

बायको एरवी माझं एक अक्षर ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं. पुतळ्यासारखी थांबली, आणि अख्खी पिशवी एकाच जागी रिकामी झाली. दोन पावलं बाजूला झाली असती तर सगळी फरशीवर पडली असती.

"तूच म्हणालास हलू नको," ती वरून म्हणाली.

लोखंडी दारात सासरे येऊन उभे राहिले. "काय सांडलं?"

"रांगोळी, बाबा."

"रंगीत?"

"पांढरी."

"मग झाडून घ्या," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

आता हे सगळं घडलं कुठं, ते सांगतो. सिंगापुरातल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, इथल्या नव्या सरकारी फ्लॅट्समध्ये असतं तसं, एक बॉम्ब शेल्टर आहे. जाड काँक्रीटच्या भिंती, पाणबुडीला शोभेल असं दार. युद्ध झालं तर माणसांनी आत बसायचं. युद्ध होईपर्यंत मराठी माणूस तिथं सुटकेसी, गणपतीचं मखर, चकलीचा सोऱ्या आणि वर्षाची भाजणी ठेवतो. आमच्या शेल्टरमध्ये बॉम्ब पडला तर आधी भाजणीचा धूर होईल. त्याच खोलीत, तांदळाचं पिंप उपडं घालून, मी दुर्बिणीचा आरसा घासत होतो.

दुकानात तयार दुर्बिणी मिळतात, हे मला अख्ख्या सिंगापूरने सांगून झालं होतं. पण ग्रह नीट बघायचे तर आरसा चोख हवा. आपल्या केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढाही खड्डा किंवा उंचवटा चालत नाही. ही थाप नाही. माझ्या बाकीच्या थापांच्या गर्दीत ती थापेसारखी दिसते, एवढंच.

काम म्हणाल तर येड्याचं. काचेची एक जाड तबकडी खाली, एक वर, मध्ये पाणी आणि घासायची पूड. वरची मागेपुढे सरकवत राहायची. हळूहळू एक काच खोलगट होते. मग आणखी बारीक पूड, मग त्याहून बारीक, आणि शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. दर वेळी आधीची पूड इतकी धुऊन काढायची की हाताच्या रेषाही निघून जाव्यात. कारण पॉलिशच्या वेळी एक जाड कण मध्ये आला की संपलं. मी ऑफिसातून येऊन आधी आंघोळ करायचो, मग शेल्टरमध्ये शिरायचो. देवघरातही मी इतका सोवळ्यात कधी गेलो नव्हतो. घासून घासून काच थोडी झिजली आणि मी अर्धा झालो.

आणि अशा सोवळ्यात मी डोक्यावरच्या फळीवर काय ठेवलं होतं? रांगोळी, म्हणजे दगड दळून केलेली पूड, किलोवारी. दिवाळी आली की बायको ती खाली काढणार, हे कॅलेंडरला माहीत होतं, मला नव्हतं.

पण मला घाई का होती, ते महत्त्वाचं. सासरे आमच्याकडे दिवाळीपुरते आले होते. भूगोलाचे मास्तर. उभी नोकरी फळ्यावर रंगीत खडूने शनी काढला, तिरप्या कड्यांसकट, आणि प्रत्यक्षात कधी पाहिला नाही. शाळेत दुर्बीण नव्हती, पुढे सवड नव्हती, आणि आता काचबिंदू. एक डोळा गेलेला. दुसऱ्यात मध्यावर एक गोल खिडकी उरलेली, बाजूचं सगळं काळं. ताटात वाटी कुठं आहे हे मान फिरवून शोधावं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खिडकी हळूहळू मिटत जाईल.

मला हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा विचार केला तो आयपीसचा, दुर्बिणीला डोळा लावतो त्या भिंगाचा. दुर्बिणीत आणखी काय असतं? मध्ये एक गोल, बाजूला सगळा काळोख. म्हणजे या एका खेळात बाबा माझ्याबरोबरीचे होते. जगातल्या इतर प्रत्येक गोष्टीसाठी त्यांचा डोळा अपुरा होता; शनीसाठी पुरेसा होता, अजून. मी त्यांना येताक्षणीच सांगून टाकलं, "बाबा, शनी दाखवल्याशिवाय परत पाठवत नाही."

ते म्हणाले, "बघू."

आमच्या घरी नियम आहे: जावईबापूंनी सांगितलेल्या आकड्याला चारने भागायचं. हा नियम बाबांनी लग्नाच्या बैठकीतच केला, आणि तेव्हापासून मोडलेला नाही. रांगोळीचा एक कण धुऊनही पॉलिशमध्ये आलाच; मी म्हटलं, "आरशावर वीतभर ओरखडा पडलाय," तर ते म्हणाले, "म्हणजे तीन बोटं." जाऊन मोजलं. तीन बोटं.

ओरखडा काढायचा तर मागच्या पुडीपासून सगळं पुन्हा. त्यात महिना जाणार, आणि बाबांचं तिकीट दिवाळी संपताच. मला असा आरसा करायचा होता की शनीने स्वतःला बघून केस विंचरावेत. तोंड पाडून बसलो.

"ओरखड्यामुळे शनी चिरलेला दिसेल का?" बाबांनी विचारलं.

"नाही. थोडा उजेड विस्कटतो, बास."

"मग तसाच घासा."

घासला. वर अॅल्युमिनियमचा चकचकीत थर चढवून आणला. प्लायवूडची नळी केली, ती लिफ्टमध्ये मावेना म्हणून तिरकी धरून नेली. सासूबाई रोज पुण्याहून फोनवर बजावत होत्या, "शनीची दृष्टी चुकवायला लोक तेल वाहतात, आणि तुम्ही आपण होऊन डोळा भिडवायला निघालात! निदान शनिवार टाळा." टाळायची गरजच नव्हती. ढगच होते. रोज संध्याकाळी पुंगोलवर अशा विजा पडायच्या की मला वाटलं सासूबाईंनी वर शब्द टाकलाय.

मग दिवाळीच्या पाडव्याला आभाळ एकदम उघडलं. आम्ही तिघं जेवण उरकून कारपार्कच्या गच्चीवर गेलो. इथल्या आकाशाची चेष्टा करतात लोक. तारे मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि तीही उरतात. पण ग्रहाला शहराच्या दिव्यांचं काही वाटत नाही, आणि विषुववृत्तापाशी तो थेट डोक्यावर येतो. शनी तसा आला होता. हवा इतकी स्थिर की वाटावं, कोणीतरी ती इस्त्री करून घातली आहे.

फेऱ्या मारणारी एक आंटी थबकली. "अंकल, कोणाच्या घरात बघतोस, आह?"

"सॅटर्नच्या."

"ओह. खूप लांब, लाह," ती इथल्या ढंगात म्हणाली आणि पुढे गेली.

मी शनी लावला, आणि मग जे आठवडाभर सांगायचं टाळत होतो ते सांगितलं.

"बाबा, यंदा कडी दिसणार नाहीत. म्हणजे चित्रातल्यासारखी नाहीत. शनी असा कलला आहे की कड्यांची धार आपल्याकडे आहे. नुसती रेघ दिसेल."

बायकोने कपाळावर हात मारला. "झालं! माझी रांगोळी, मग ढग, आणि आता शनीच कललाय!"

"अगं, खरं सांगतोय. दर काही वर्षांनी होतं असं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा छान..." आणि मी तिथंच थांबलो. दोन-तीन वर्षं हा शब्द गच्चीवर पडून राहिला. उचलायला कोणी वाकलं नाही.

बाबा माझ्याकडे, म्हणजे मान फिरवून त्या खिडकीतून माझ्याकडे, बघत होते. "रेघेला चारने कसं भागायचं, जावईबापू?"

"भागू नका. बघा."

खुर्चीवर बसले. चष्मा काढला. डोकं इकडेतिकडे करत, किल्लीला भोक सापडावं तसा त्यांनी डोळा आयपीसवर आणला. 

माझ्या तोंडाला आयुष्यात कुलूप लागलेलं नाही. बारशाला मी बाळापेक्षा जास्त बोलतो. शनीबद्दल सांगायला माझ्याकडे इतकं होतं की पहाट झाली असती. काही त्यातलं खरंही होतं. पण मला वाटलं, मी जे काही सांगेन त्याला ते चारने भागतील, आणि आज भागाकार नको. आज जे आहे ते पूर्ण हवं. म्हणून मी फक्त नळीला हात लावून उभा राहिलो, कारण पृथ्वी फिरते आणि ग्रह चौकटीबाहेर सरकतो.

"गेला," बाबा म्हणाले.

मी नळी अंगठ्याने ढकलली.

"आला."

थोड्या वेळाने पुन्हा, "गेला." पुन्हा ढकलली. "आला." असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. खाली गाड्या येत-जात होत्या, एलआरटी फिरत होती, बायको हाताची घडी घालून कठड्याला टेकली होती.

शेवटी बाबा मागे झाले, डोळा पुसला, चष्मा लावला. "गुडघा आखडला," एवढंच म्हणाले. मी हात दिला.  लिफ्टमध्ये बायकोने मला कोपराने ढोसलं, म्हणजे 'विचार की त्यांना'. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सौजन्याने 'छान' म्हटलं असतं, आणि ते मला अख्खं घेता आलं नसतं.

घरी आलो तोवर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल वाजत होता. पुण्यात तेव्हा दिवेलागणी उरकली होती. बायकोने फोन बाबांच्या तोंडासमोर धरला.

"काय हो, दिसली का कडी?" सासूबाई विचारत होत्या. "की जावईबापूंचं आपलं नेहमीचंच?"

बाबांनी खुर्चीची पाठ चाचपली आणि बसले.

"यंदा कडी नाहीत," ते म्हणाले. "रेघ आहे. बघितली मी."