ब्लोअरची खंडेनवमी

मी जीवाणू पाळते, हे आईला कुणापुढे सांगता येत नसे. शाहूपुरीत आमच्या गल्लीतल्या मुली शाळेत शिकवायच्या, बँकेत बसायच्या. आमच्या घरातली एम.एस्सी. झालेली मुलगी मात्र रोज डबा घेऊन उचगावच्या बाजूला एका कारखान्याच्या कामगार वसाहतीत जायची आणि तिथल्या संडास-मोऱ्यांचं पाणी बाटलीत भरून तपासायची. शेजारणींनी विचारलं की आई सांगायची, "कारखान्यात आहे, ऑफिसात." मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं की ती मला दूध उतू जातंय का ते बघायला आत पाठवायची. आमच्या घरात त्या काळात दूध फार वेळा उतू जायचं.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. माझी नोकरी तात्पुरती होती आणि आईशी माझा तह झालेला होता. दिवाळीपर्यंत जागा कायम झाली तर ठीक, नाहीतर नोकरी सोडायची आणि ती दाखवील ती स्थळं मुकाट्यानं बघायची. मॅनेजरसाहेबांनीही एक अट घातली होती. वसाहतीचं सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतून नाल्याला जायचं, नाल्याकाठी एका वस्तीची पिण्याची विहीर होती आणि त्या विहिरीत नायट्रेट, तान्ह्या मुलांना घातक असा नायट्रोजनचा क्षार, वाढलं होतं. दसऱ्यानंतर सरकारी तपासनीस येणार होते. तोवर टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला नायट्रोजन उतरला तर माझी जागा कायम होणार होती.

हा नायट्रोजन गाळून निघत नाही आणि तळाशीही बसत नाही. तो घालवायचं काम जीवाणूच करतात, तेही दोन टोळ्या मिळून. पहिल्या टोळीला भरपूर हवा लागते. ती सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करते. दुसरी टोळी हवा मिळते तोवर नायट्रेटला तोंड लावत नाही. हवा थांबली की मग ती नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेते आणि नायट्रोजन बुडबुड्यांतून सोडून देते. तो वरच्या हवेत जाऊन मिळतो, कुणाला पत्ताही लागत नाही. कारखान्यातल्या पाळ्यांसारखंच हे. पहिली पाळी सुटल्याशिवाय दुसरी कामाला लागत नाही.

आमच्या टाकीत पहिली पाळी कधी सुटतच नव्हती. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर अहोरात्र घरघरत असायचा. अमोनिया जवळजवळ नाहीसा झाला होता, पण त्याचं झालेलं नायट्रेट जसंच्या तसं नाल्यात जात होतं. ब्लोअर रोज थोडे तास बंद ठेवा, एवढंच माझं मागणं होतं.

"बाई, हे यंत्र चालवायला आणलंय की बघायला?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

मी खडूनं फळ्यावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"म्हणजे आता जंतूंच्या सोयीनं कारखाना चालवायचा?" असं म्हणून त्यांनी चहा मागवला. चहा एकच आला.

ब्लोअर सांभाळणाऱ्या मिस्त्रींकडेही मी गेले. ते त्या यंत्राला घरच्या बैलासारखं पुसत असत.

"साहेबांनी सांगितल्याबिगर म्या बटनाला हात न्हाय लावायचा," ते म्हणाले. "मला पगार साहेब देत्यात. तुमचं जंतू देत्यात व्हय?"

मी बाटल्या उचलल्या आणि टाकीकडे गेले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कोल्हापुरात कुठलंही यंत्र चालत नाही. लेथ थांबतो, पिठाची चक्की थांबते, धार लावलेला विळासुद्धा हळदकुंकू लावून पाटावर बसतो. मिस्त्रींनी सकाळीच कुणालाही न विचारता ब्लोअर बंद केला, धुतला, त्याच्या तोंडाला कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. मॅनेजरसाहेब अनवाणी आले, त्यांनी नारळ फोडला आणि यंत्राला हात जोडले. महिनोन्महिने मी जे विनवण्या करून मागत होते, ते देवीनं एक शब्दही न बोलता करून दिलं. मला राग आला. पण मी रेशमी साडी नेसले होते आणि पूजेच्या पिशवीत बाटल्या घेऊन गेले होते, म्हणजे आशा होतीच.

वसाहतीतलं पाणी नेहमीसारखं टाकीत येत राहिलं. दुपार कलली तेव्हा मिस्त्री धावत आले.

"बाई, देवी पावली की ओ! टाकी बघा कशी उकळाय लागलीया."

टाकीत बारीक बुडबुडे उठत होते, सगळीकडून, सारखे. दुसरी पाळी कामावर आली होती. मी पाणी तपासलं आणि आकडा पाहून पुन्हा तपासलं. नायट्रेट नावाला उरलं होतं. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रींच्या हातचा प्रसाद दोनदा घेतला.

दसऱ्याच्या सकाळीही ब्लोअर बंदच होता, आता मात्र टाकीला वास यायला लागला. हवेवाचून पहिली टोळी उपाशी बसली होती, अमोनिया पुन्हा साठत होता. बंद ठेवायचं ते थोडे तासच, हे मी मॅनेजरसाहेबांना आकडे पुढे ठेवून समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि मिस्त्रींना हाक मारली.

"यंत्र थकलं होतं," ते म्हणाले. "रोज दुपारी आणि संध्याकाळी विश्रांती द्या त्याला."

बंद ठेवायच्या वेळा मी ठरवून दिल्या, त्यामागचं कारण साहेबांनी ठरवलं. पाणी सुधारत गेलं. तपासनीस आले तेव्हा साहेबांनी त्यांना यंत्राच्या विश्रांतीचं महत्त्व फार छान समजावून सांगितलं. जीवाणूंचा उल्लेख आला नाही. मीही बाटल्या घेऊन शेजारीच उभी होते, माझाही आला नाही.

तपासनिसांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर साहेब माझ्याकडे वळले.

"झकास झालं. आता दिवसातून दोनदा बटण दाबायला एम.एस्सी. बाई कशाला हव्यात? तुम्ही दिवाळीपासून मोकळ्या."

मी बसमध्ये रडले. काम जमलं नाही म्हणून नोकरी गेली असती तर मी ते सोसलं असतं. इथे काम जमलं म्हणूनच गेली होती. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं करंज्यांचं सारण परतायला घेतलं आणि भाऊबीज झाल्यावर पाहुणे येणार असल्याचं सांगितलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील. मी पोह्यांच्या बशा ठेवून समोर बसले.

"मुलगी नोकरी करायची म्हणे?" मुलाच्या आईनं विचारलं.

"कारखान्यात. ऑफिसात," आई म्हणाली.

तेवढ्यात दारात सायकल पडल्याचा आवाज झाला. मिस्त्री उंबऱ्यात उभे होते, घामानं निथळत.

"पावणं हायत व्हय? माफी करा," ते म्हणाले, पण थांबले नाहीत. "बाई, टाकी मेली की ओ! साहेब नाकाला रुमाल लावून जेवाय लागल्यात. वस्तीची माणसं फाटकावर येऊन बसल्यात."

"ब्लोअर कधी बंद केलात?" मी विचारलं.

"धनतेरसला. साहेब म्हणले, एवढ्याशा इश्रांतीनं येवढा गुण, तर दिवाळीची सगळी सुट्टी दिऊन बघू."

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. मिस्त्रींनी आवाज उतरवला, म्हणजे गल्लीपुरताच ठेवला.

"जागा कायम करतो म्हणालेत. पर आत्ताच्या आत्ता चला."

मी हललेच नाही. मला उठायचं होतं, फार उठायचं होतं. पण तह माझा आणि आईचा होता, दिवाळी उलटली होती, आणि समोर तिच्या मनासारखं स्थळ बसलं होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. मुलाची आईही तिच्याकडेच बघत होती.

"टाकी कसली?" त्या बाईंनी विचारलं.

आईनं पदर सारखा केला. आता ती मला दूध बघायला पाठवणार, असं मला वाटलं.

"संडासाच्या पाण्याची," आई म्हणाली. "माझी मुलगी त्यात जंतू पाळते. सुट्टीत त्यांचे हाल झालेत, तिला जायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साडी बदलून जा. तुझे पोहे झाकून ठेवते."