जयनगरच्या उतारावरून बेळगावला आलेली हिरवी गाडी

लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमच्या ह्यांच्या तोंडी एकच सवत होती: बंगळूरला शिकताना पाहिलेली एक गर्द हिरवी, दोन माणसांची, विलायती स्पोर्ट्स गाडी. साठच्या दशकातली ही गोष्ट. एका नवरात्रात बंगळूरच्या आतेभावाकडून निरोप आला की तीच गाडी विकायची आहे, पण मालकीणबाई येईल त्या गिऱ्हाइकाला तीन वर्षं परत पाठवताहेत. "आपल्याला देतील," हे म्हणाले. कशाच्या जोरावर, ते विचारण्यात अर्थ नव्हता. मी बॅग भरली.

गाडीचा मेक इथं मुद्दाम लिहीत नाही. गाडीवेड्यांना वास लागला की ते दारात उभे राहतात.

तेव्हा बेळगावहून बंगळूरला छोट्या रुळांवरची रेल्वे होती. रात्रभर इंजिनाची कोळशाची पूड डोळ्यांत जायची, त्यामुळे उतरल्यावर पहिलं काम तोंड धुण्याचं. चामराजपेटला आतेभावाकडे आंघोळ आणि उपमा उरकून आम्ही बसने जयनगरला गेलो. आज तिथं पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा आखलेले रुंद रस्ते, मधूनमधून नवी घरं आणि बाकी मोकळं माळरान होतं.

तो आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दिवस. फाटकातच गाडी उभी होती, धुतलेली, शेवंतीचा हार घातलेली, चारी चाकांखाली लिंबं. लांब नाक, उघडा टप, तारांची चाकं, पाठीला बांधलेलं जादा चाक, आत लाकडी डॅशबोर्ड आणि तांबूस चामड्याच्या सीटा. कुठे ओरखडा नाही. खरं सांगते, सवत बघायला म्हणून आले होते आणि बघतच राहिले.

मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. तीन पिढ्या बंगळूरला राहिलेलं मराठी घर, वय पन्नाशीचं, नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. "या, स्वल्प बसा, कॉफी आणते," म्हणून त्या आत वळल्या, आणि आमच्या ह्यांना दम निघाला नाही. न विचारता दार उघडून थेट स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

अक्का दारातच थांबल्या. "उतरा," म्हणाल्या.

हे लाल होऊन उतरले. मला वाटलं, संपलं, आता रात्रीची रेल्वे. पण कॉफी आली आणि कॉफीबरोबर गाडीची कुळकथाही आली. पहिला मालक चिकमगळूरकडचा इंग्रज मळेवाला. पन्नासच्या दशकात मायदेशी परतताना त्यानं ती इथल्या एका डॉक्टरांना दिली. देताना त्यांना शेजारी बसवून स्वतः हमरस्त्यापर्यंत चालवत आणली, तिथं उतरून किल्ली दिली आणि चालत परत गेला. डॉक्टरांनी अक्कांच्या यजमानांना तशीच दिली.

"आमच्याकडं ही गाडी अशीच देतात. देणाऱ्यानं स्वतः पोचवायची," अक्का म्हणाल्या. "आणि मला चालवता येत नाही. सगळे म्हणतात, ड्रायव्हर पाठवतो. ड्रायव्हर काय हिचा मालक आहे? दर आठवड्याला मेकॅनिक येऊन इंजिन चालू करतो, तेवढंच."

म्हणजे तीन वर्षं अडलं होतं ते इथं. मी म्हणाले, "अक्का, इंजिन कशाला हवं? तुम्ही स्टिअरिंगला बसा. आम्ही ढकलतो."

"सरी, चला तर," म्हणून अक्का उठल्या. पदर खोचला आणि बसल्या. हे शेजारी बसले, कारण घेणाऱ्यानं शेजारीच बसायचं. मी, शेजारचे दोन अण्णा आणि त्यांच्याकडची सून अशा चौघांनी जोर लावला. लिंबं फुटली, गाडी फाटकाबाहेर निघाली. अक्का स्टिअरिंग घट्ट धरून कोपऱ्यावर वळल्या, आणि पुढे उतार!

गाडी आमच्या हातातून सुटली. आम्ही ओरडत मागे धावलो. ह्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण "अक्का! अक्का!" एवढं ऐकू येत होतं. खाली हमरस्ता, त्यावरून बस चाललेली. आणि रस्त्याच्या अलीकडे गाडी अलगद थांबली.

धापा टाकत पोचलो तेव्हा अक्का हसत होत्या. "ब्रेक कुठला ते माहीत आहे गं मला. इतकी वर्षं शेजारी बसून माझा पाय तेवढाच दाबत आलाय."

मग हसू थांबलं. त्यांनी डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला, किल्ली ह्यांच्या हातात ठेवली आणि चढण चढत घरी निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही.

परतीचा रस्ता तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी. आता रुंद रस्ता झालाय, तेव्हा अरुंद डांबर आणि बैलगाड्या होत्या. अशा उघड्या गाडीनं जाणार असाल तर डोक्याला स्कार्फ बांधा आणि दावणगेऱ्याला लोणी-डोसा खाल्ल्याशिवाय पुढे सरकू नका. आम्ही तिथंच मुक्काम केला. दोघांचं जेवण दोन रुपयांत झालं आणि गाडीभोवती अर्धं गाव जमलं.

बेळगावला मी महिन्याभरात गाडी शिकले. ह्यांनी कपाळाला हात लावला, पण शिकवलं. हे गेल्यानंतरही ती माझ्याकडेच आहे, आजही पहिल्या फटक्यात चालू होते. गेल्या वर्षी पुण्याचा एक भला तरुण आला. गाडीवर जीव आहे त्याचा, माझा मुलगाही म्हणाला, देऊन टाक. मी हो म्हणाले. त्याला शेजारी बसवलं आणि गाडी हमरस्त्यापर्यंत नेली.

तिथं नुसतं उतरायचं होतं. मी त्याला चहा पाजला आणि गाडी वळवून घरी आणली.