चहा होईस्तोवर बसा

मुलांनो, हिंगोलीच्या एसटी डेपोमागे गॅरेज असलेले मिस्त्रीमामा मोटारसायकलची परीक्षा ती चालू न करताच घ्यायचे. कुणी विकत घ्यायची गाडी दाखवायला आणली, की स्टँड काढून त्याला तिच्यावर बसवायचे आणि चहा मागवायचे. "चहा होईस्तोवर बसा. उतरायचं न्हाई." मिनिटभर बसून तर कुठलीही गाडी छानच वाटते, असं त्यांचं म्हणणं.

तुमच्या माधुरीमावशीला कळमनुरीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रोज जायला तिला स्पोर्ट्स बाइक हवी होती. मी तिची थोरली बहीण, मला भीती वाटे, आणि माझ्या होकाराशिवाय ती घेणार नव्हती. मी माहितीपत्रकांतल्या वेगाच्या आकड्यांखाली लाल रेघा मारून ती मामांपुढे ठेवली. त्यांनी न वाचताच घडी घातली.

"बाई, किती पळते ते काहून पाहून राहिल्या? पळायला इथं जागा कुठं हाय? थांबते कशी, ते पाहा."

मावशीने पसंत केलेल्या गाडीचं हँडल खाली होतं, सीट उंच. मामांनी तिला बसवलं, तर सगळा भार मनगटांवर आला. टाचा जमिनीला टेकेनात.

"दुखून राहिलं?"

"न्हाई, मामा."

"मंग घाम काहून आला?"

अर्ध्या कपातच ती उतरली, रडवेली. मला मनातून हायसं वाटलं. मामांच्या ते लक्षात आलं.

"खूश नका होऊ, बाई. गाडीला न्हाई म्हणलो, पोरीला न्हाई."

पंधरा दिवसांनी त्यांनीच दुसरी शोधली. हँडल जरा वर, टायर नवे, ब्रेक चांगले. तिच्यावर मावशीने दोन कप चहा संपवला! मग रोज सकाळी मोकळ्या मैदानात शिकवणी. "ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा. झटका द्यायचा न्हाई." मी स्टुलावर बसून बघत असे.

एके दिवशी परतताना हळदीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गल्लीतून न बघताच रस्त्यावर आला. मी मागून रिक्षात होते. मावशीची गाडी जराही न डगमगता थांबली, तिने पाय टेकला आणि ट्रॅक्टरवाल्याला खडसावलं, "झोपून राहिला का, भाऊ?" घरी पोचल्यावर मी होकार दिला.

गेल्या उन्हाळ्यात मामा गॅरेज बंद करून नांदेडला लेकीकडे राहायला गेले. निघताना आमच्याकडे आले. स्टेशनपर्यंत रिक्षा बोलावते म्हटलं, तर म्हणाले, "काहून? माधुरी हाय ना."

मी फाटकाशी उभी राहिले. हेल्मेट घातलेले मामा मावशीच्या मागे बसून मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होते. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. गाडीला त्यांनी धरलंच नव्हतं.