ट्रेमधले दोन दिवस

संजना भावाच्या लग्नाला नाशिकला गेली आणि तीन आठवड्यांसाठी रिसेप्शनची खुर्ची रिकामी झाली. दुबईच्या करामा भागातलं बांधकाम कंपनीचं ऑफिस, साल सत्त्याण्णव. मागच्या खोलीत फायली लावणाऱ्या कुलसुमला धनंजय साहेबांनी बोलावलं. "तीन भाषा येतात ना तुला? मग बस पुढे."

कुलसुम दापोलीकडची. नववीतून शाळा सुटलेली, टायपिंग आणि इंग्रजी दुबईत येऊन स्वतः शिकलेलं. नवऱ्याच्या व्हिसावर आली होती, म्हणून तिचा पासपोर्ट घरात होता. बाकी साडेतीनशे माणसांचे साहेबांच्या तिजोरीत. साहेब पर्सोनेल सांभाळायचे, म्हणजे माणसांची भरती, पगार, रजा. मराठी माणूस म्हणून कामगारांच्या कॅम्पातल्या पोरांना आधी त्यांचा केवढा आधार वाटला होता!

साहेबांनी काम समजावलं. "क्लायंट आला की हसायचं. कोणाला टाळायचं असलं की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. लेबरच्या घरचा फोन आला की चिठ्ठी लिहून या ट्रेमध्ये. पुढचं मी बघतो."

कुलसुमला वाटलं, ट्रेमध्ये टाकली की चिठ्ठी पोचली. टपालाची पेटी असते तशी.

शनिवारी सकाळी साताऱ्याहून फोन आला. बूथवरून बोलणारा ओरडतच होता. "मी महादू, किसनचा धाकटा भाव. आईला शिविल दवाखान्यात ठेवलीय. सारखी किसन किसन करतीय. लवकर लावून द्या त्याला, बाई!"

कुलसुमने शब्दन् शब्द उतरवला, खाली 'अर्जंट' लिहून दोन रेघा ओढल्या आणि चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली. संध्याकाळी ट्रे रिकामा दिसला. तिला बरं वाटलं.

सोमवारी दुपारी किसन स्वतः आला, कंपनीचा ड्रायव्हर खैरुद्दीन याच्या पिकअपमधून. कॅम्पला टपाल जात नाही, सगळ्यांची पत्रं कंपनीच्या पोस्टबॉक्सवर येतात. ती न्यायचं काम पोरांनी किसनकडे दिलेलं. बुटांना सिमेंट, तोंडभर हसू.

"मॅडम नवीन दिसता! द्या आमची इस्टेट."

कुलसुम बघतच राहिली. "तू अजून इथे? आईचं कळलं ना तुला?"

"काय आईचं?"

तिने सांगितलं. किसन काउंटरला धरून उभा राहिला. हसू तसंच अर्धं तोंडावर राहिलं होतं, ते काढायचं त्याला सुचलंच नाही.

कुलसुमने त्याला क्लायंटच्या चामडी सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि केबिनचं दार ढकललं. साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी होती. लाल पेनाने वर लिहिलेलं: गुरुवारनंतर.

"गुरुवारी स्लॅब आहे," साहेब म्हणाले. "एकाला सोडलं की दहा जण रजेसाठी आई मारतात. तुला नाही कळायचं."

"आई मारतात? साहेब, तुमची कुठे असते?"

"कुलसुम, जागेवर जा. आणि त्याला सोफ्यावरून उठव."

ती जागेवर गेली. किसनला उठवलं नाही. ऑफिसच्या फोनच्या सगळ्या लाइनी तिच्याच बोटांखालून जात होत्या, हे मात्र साहेब विसरले होते. रेडीमिक्स काँक्रीटवाल्यांचा फोन आला, स्लॅबच्या गाड्यांची वेळ पक्की करायला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." क्रेनवाल्याचा आला. "मीटिंगमध्ये." कन्सल्टंटचा इंजिनियर फोनवर तीनदा कावला. तीनदा तेच, गोड आवाजात.

तासाभराने साहेब लाल होऊन बाहेर आले. "माझे फोन कुठे आहेत?"

"ट्रेमध्ये," कुलसुम म्हणाली. "गुरुवारनंतर देते."

"नोकरी घालवशील!"

"घालवा. माझा पासपोर्ट माझ्या घरी आहे. याचा काढा. कन्सल्टंट परत करतोय फोन, त्याला सगळंच सांगू का?"

फोन वाजतच होता. साहेबांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा सोफ्यावरच्या सिमेंटकडे. तिजोरीच्या किल्ल्या खणखणल्या. किसन त्याच रात्रीच्या विमानाने गेला.

कुलसुमला नोकरीवरून काढलं नाही. फायलींत कुठे काय आहे हे तिच्याशिवाय कोणाला माहीत होतं? मागच्या खोलीत परत धाडलं, हातात वॉर्निंग लेटर. पुढे टायपिस्ट प्रज्ञा बसली.

आठवड्याने प्रज्ञाने हाक मारली, "कुलसुमताई, तुमचाच फोन. सातारा."

"आई गेली, ताई," महादू म्हणाला. या वेळी ओरडत नव्हता. "दादा जवळ होता. पर तिची वाचा रविवारी रात्रीच गेलेली. त्यो मंगळवारी पोचला. डोळं उघडून बघितलं तिनं. वळखलं का न्हाई, कुणास ठावं."

शनिवारी रात्री विमान होतं. रविवारी दुपारी तो तिच्या उशाशी असता. कुलसुमने रिसीव्हर ठेवला. दोन रेघा ओढून ती दोन दिवस निवांत बसली होती, चहा पीत होती, क्लायंटला हसत होती.

तिने दार न वाजवता केबिन उघडली. "रविवारी रात्रीपर्यंत ती बोलत होती."

"कोण?" साहेब म्हणाले.

कोण! कुलसुमने पुढून त्यांच्या टेबलावर आणून ठेवलेला ट्रे ओढला. आत लेबरच्या घरच्या फोनांच्या चार चिठ्ठ्या होत्या, प्रज्ञाच्या सुबक अक्षरातल्या, चारींवर लाल पेन. साहेब उठेपर्यंत त्या तिच्या मुठीत होत्या.

खाली खैरुद्दीनची पिकअप उभी होती. ती चढून त्याच्या शेजारी बसली.

"बाजी, ऑफिस छूटा नहीं अभी," तो म्हणाला. "किधर?"

"कॅम्प," कुलसुम म्हणाली. "यल्ला, चल!"